दोनदा पुसलेला प्याला

…नाही हो, घाबरू नका, काही झालेलं नाही — दोनदा पुसलं म्हणून बघताय ना तुम्ही आरशातून? बघितलं मी. सगळेच बघतात. तुमच्या कानाखाली एक बारीक पुटकुळी होती, फेसाखाली दिसली नाही मला, जरासं खरचटलं, एवढंच. ही तुरटी फिरवतो — झोंबेल थोडं — झालं. आणि हे पातं गेलं डब्यात, तुमच्यासमोर, नवं लावतो. माझा नियमच आहे तसा. वस्तरा एकदा पुसला तर तो फेस काढायला पुसला, दोनदा पुसला तर समजायचं, रक्त लागलंय. तीस वर्षं झाली या खुर्चीमागे उभा राहून, अख्ख्या गावाला पाठ आहे माझं हे एकदा आणि दोनदा. अहो, खुर्चीत बसलेल्याला कळायच्या आधी तिकडे बाकावर पेपर वाचणाऱ्याला कळतं — काय, कापलं वाटतं? — इतकं. आता गालाच्या या बाजूला येतो, मान जरा तिकडे. बोलू नका, ओठाजवळ आहे मी.

तुम्ही बाहेरगावचे, नाही का? बॅग बघितली ना मी, आणि बुटांवर स्टँडवरची धूळ. चारच्या गाडीने पुढे जाणार असाल — चारचीच असणार, शनिवारची दुसरी आहेच कुठे — तुम्ही म्हटलं असेल, तोवर दाढी उरकून घ्यावी. बरं केलंत. मलाही बरं झालं. नाही, गिऱ्हाईक म्हणून नव्हे — म्हणजे गिऱ्हाईक म्हणूनही, पण आज मला असा एक माणूस हवाच होता, ज्याला मी ओळखत नाही आणि जो मला परत भेटणार नाही. हसू नका, वस्तरा आहे हातात. सकाळपासून तीन जणांना परत पाठवलं मी, ओळखीचे म्हणून. तुम्ही खुशाल डोळे मिटून बसा. माणूस घाबरला की त्याचं तोंड एक तर मिटतं, नाहीतर सुटतं. माझं सुटतं. बायको म्हणते, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि खरं सांगू, पाच आठवडे झाले, तीळ नाही, अख्खा धोंडा तोंडात धरून फिरतोय मी. जेवतोय त्याच तोंडाने, गातोय त्याच तोंडाने, आणि गप्प आहे.

उद्या रविवार. उद्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, महिन्याच्या पहिल्या रविवारचं. तुम्हाला सांगायला नको, टॉवेल लावताना तुमच्या गळ्यात क्रूस दिसला मला — म्हणजे आपल्यातलेच, बरं झालं, फार समजावत बसायला नको. पाळकसाहेब भाकरीचा तुकडा देत पुढे जातात आणि त्यांच्यामागून प्याला घेऊन मी. चांदीचा, जुना, एकच. कुठे कुठे आता छोट्या छोट्या वाट्या देतात म्हणे प्रत्येकाला, आमच्याकडे अजून एकच प्याला, सगळ्या मंडळीचा. एकजण प्यायला की कडा फडक्याने पुसायची, प्याला जरासा फिरवायचा, पुढच्याच्या ओठाला लावायचा. हे काम माझ्याकडे का, तर न्हाव्याचा हात हलका. म्हातारं माणूस असो, दात पडलेलं असो, एक थेंब सांडत नाही माझ्या हातून. अठरा वर्षं करतोय. एकदा पुसायचं. एकदाच.

आणि आमच्यात एक बाई आहे. बेकरीत पीठ मळायची. आठ वर्षांची मुलगी आहे तिला. नवरा — नाही. मेला, का सोडून गेला, का नव्हताच, हे कुणालाच माहीत नाही आणि प्रत्येकाला माहीत आहे, तशातली गोष्ट. इथलीच ती, विशीत गाव सोडून गेली आणि आली ती मुलीचं बोट धरून. आली आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागली. तुम्ही म्हणाल, प्रभूच्या घरात पहिला बाक काय आणि शेवटचा काय — म्हणा, पण आमच्याकडे आहे फरक. या खुर्चीत बसून गावाने तिचा निकाल लावला हो. एकेक जण येई, मान मागे टाकी, डोळे मिटून तिचा निकाल लावी आणि दाढी करून जाई. मी फेस काढत होतो. — नुसता फेस नव्हतो काढत. मीही दोन विनोद केले तिच्यावर. त्यातला एक तर इतका चालला की लोक महिनाभर माझ्या तोंडून ऐकायला यायचे, अहो ते सांगा ना परत, म्हणून. आणि मीही सांगायचो, दरवेळी थोडा फुलवून. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय. पण ती यायची. दर रविवारी. सगळ्यांना नमस्कार करायची, उलट आला नाही तरी करायची.

तर त्या रविवारी — पाच आठवड्यांपूर्वीचा — सगळे पुढे रांगेत उभे. ती, आणि तिच्या शेजारी, रांगेत अगदी शेवटी, नेमके बेकरीचे मालक. मालक म्हणजे आमच्या मंडळीचे मोठे पंच, त्यांच्या शब्दाबाहेर पाळकसाहेबही नाहीत. माणूस वाईट नाही, मी वाईट म्हणत नाही. तिला कामाला त्यांनीच ठेवलेलं, दया म्हणून, आणि दर रविवारी कुणाला ना कुणाला सांगायचेही ते, दया म्हणून. बरं. ती प्यायली. मी प्याला घेतला, पुसला. आणि परत पुसला. फडकं उलटं करून. मग मालकांपुढे धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, प्याल्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि ओठ जेमतेम टेकवून मान मागे घेतली.

बस, एवढंच झालं. गाणं चालूच राहिलं. पण लोक घरी जाऊन ताटावर बसायच्या आत गावभर झालं — न्हाव्याने दोनदा पुसलं. न्हावी उगीच दोनदा पुसेल का? तीस वर्षं लोकांच्या गळ्याशी उभा असतो तो, त्याला कातडीवरून कळतं, ओठावरून कळतं. काहीतरी रोग आहे तिला. कसला? — आता तसल्या बाईला कसला रोग असायचा, हे का फोडून सांगायला लागतं. सोमवारी मालकांनी तिला पिठावरून काढून अंगण झाडायला लावलं. गुरुवारी म्हणाले, झाडूही नकोस. शाळेत मुलीला खिडकीजवळच्या बाकावर एकटीला बसवलं, तिला हवा लागते म्हणे मोकळी. ती पोर आता पाण्याची बाटली दप्तराला दोरीने बांधून नेते, चुकून दुसऱ्यांच्या बाटल्यांत मिसळू नये म्हणून. आठ वर्षांची पोर हो. स्वतःहून बांधते. माझ्या या दारावरूनच जाते शाळेत, रोज दिसते मला ती दोरी. आणि मी काय केलं या पाच आठवड्यांत? दाढ्या केल्या.

वर बघा जरा. गळ्याशी येतो आता, आवंढा गिळू नका.

परवा मालक आले दाढीला. दर गुरुवारी येतात. दाढी झाली, पावडर झाली, तरी उठेनात. म्हणाले, पंचांनी ठरवलंय. तिला काढून टाकायचं नाही, आपण काही निर्दय नाही, येऊ दे, बसू दे, प्रभूच्या मेजावर तिचाही हक्क आहे — फक्त तिला वेगळा पेला. तुम्ही एका हातात प्याला धरा आणि दुसऱ्या हातात हा. तो बघा तिथे, पावडरच्या डब्यामागे, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. काचेचा आहे. चांगला आहे, नक्षीबिक्षी. म्हणाले, तुमच्या लक्षात आलं म्हणून वाचलो आपण सगळे. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, बरं. उद्या सकाळी तो पेला माझ्या हातात असणार आहे, आणि ती समोर उभी असणार आहे, आणि तिची मुलगी शेवटच्या बाकावरून बघत असणार आहे, आई वेगळं पिते ते. हे उद्या. आज शनिवार, आता किती वाजले — तीन.

आणि त्याच्या आधी, मंगळवारी, ती आली होती. इथे. आत नाही आली, दारात उभी राहिली. दुकानात कुणी नव्हतं, बघूनच आली असणार. म्हणाली, दादा, एक विचारायचं होतं. हातात मोठं पाकीट, तपासणीचे कागद. सगळं करून आले, म्हणाली, रक्त, थुंकी, फोटो, काही निघालं नाही. मालकांना दाखवलं तर म्हणाले, कागद काय, कुणीही आणतो, न्हाव्याचा डोळा खोटं बोलत नाही. तर तुम्ही एकदा बोलाल का त्यांच्याशी? — मी वस्तरा पुसत होतो. कोरडा वस्तरा, उगीच पुसत होतो. म्हटलं, बघतो. अहो, आपल्या भाषेत नाही म्हणायला याच्याएवढा सोयीचा शब्द नाही. सरळ नाही म्हटलं तर समोरचा निदान दुसरं दार शोधतो, बघतो म्हटलं की बिचारा तिथेच ताटकळतो. तिने मान हलवली, वळली, दोन पावलं गेली, आणि थांबली. मागे वळून म्हणाली — अंगठा बरा झाला का, दादा?

थांबा, घोटभर पाणी पितो. — हं. उजवी बाजू झाली तुमची. छान आलीये.

अंगठा म्हणजे हा. ही रबरी टोपी केव्हापासून बघताय तुम्ही, कळलं मला. लोकांना सांगतो, सांधा दुखतो. सांधाबिंधा काही नाही. त्या शनिवारी पातं बदलताना कापला होता. रविवारपर्यंत सुकला — मला वाटलं सुकला — आणि त्या प्याल्याच्या दांड्यावर पानांची नक्षी आहे उठावाची, तिच्यावर घासून परत उघडला. ती प्यायली, मी कडा पुसली, आणि बघतो तर कडेवर एक लाल ठिपका. द्राक्षरसही लाल आणि रक्तही लाल, दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नाही. मला कळलं. जन्मभर दुसरं बघितलंय काय मी. माझं रक्त होतं ते. तिचं नव्हतं काही, तिच्या तोंडाला काही नव्हतं, माझं होतं. म्हणून दोनदा पुसलं. आणि तिने बघितलं होतं ते. समोरच तर होती, हातभर अंतरावर, तिच्या डोळ्यांसमोर माझा अंगठा गळत होता. पाच आठवडे तिला माहीत आहे. एक वाक्य बोलली असती, रक्त त्यांचं होतं, बस, तर सुटली असती. कामावर राहिली असती, पोरीच्या दप्तराला दोरी आली नसती. मी विचारलं तिला, मग तुम्ही का नाही सांगितलंत? तर म्हणाली, तुम्ही फार घाबरलेले दिसलात, दादा. ते तुमचं आहे, तुम्हीच सांगायचं. आणि गेली. रागावली नाही हो. रागावली असती तर बरं झालं असतं, भांडलो असतो, तोंडाने मी कुणाला हार जात नाही. पण तिने माझी कीव केली. माझी, जिच्यावर मी विनोद केले तिने. मंगळवारपासून झोप नाही मला.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना? अंगठा कापला, रक्त लागलं, सांगून मोकळं व्हायचं, त्यात भ्यायचं काय? तेच तर. लोक तेच विचारतील. साधं रक्त होतं तर तेव्हाच का नाही बोललास, खिशातला रुमाल का नाही गुंडाळलास, लपवलंस कशाला? कारण साधं नाही ते. पांढरी कावीळ आहे मला. रक्तातली. तीन वर्षं झाली. — थांबा. थांबा, उठू नका, अर्धी दाढी राहिलीये, खुर्चीचा दांडा सोडा आधी, ऐका माझं. तुम्हाला खरचटलं ते कोऱ्या पात्याने. माझी कातडी शाबूत आहे, वर टोपी आहे. रोज गोळी घेतो. डॉक्टर म्हणाले, काम करा, फक्त जखम झाली तर ती भरेपर्यंत वस्तरा धरायचा नाही. तेव्हापासून नाही धरत, गेल्या महिन्यात चार दिवस दुकान बंद ठेवलं, सांगितलं ताप आहे. शिवल्याने होत नाही, उष्ट्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. माझ्या बायकोला बघा, तपासून घेतलं, लस घेतली, ठणठणीत आहे. तुम्हाला काही होणार नाही. आपल्यात शपथ घेत नाहीत, नाहीतर घेतली असती.

बघा आरशात. हा जो तुमचा चेहरा झालाय ना आत्ता, हाच. हाच मला उद्या दिसणार आहे, दोनशे माणसांचा एकदम. मी तुम्हाला नाव ठेवत नाही, तुमच्या जागी मी असतो तर केव्हाच पळालो असतो टॉवेलासकट. पण न्हाव्याला हा रोग — सांगा तुम्हीच, कोण बसेल या खुर्चीत? उद्या दहा वाजता बोललो तर परवा दुकान उघडायला नको. डॉक्टर येऊन लोकांना समजावतील? समजावतील. लोक माना डोलावतील आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जातील. वय माझं साठ. दुसरं काय येतं मला? बायकोला मी मंगळवारी रात्री सगळं सांगितलं. म्हणाली, आत्ता एका घरातली चूल विझलीये, तुम्ही बोललात तर दोन घरांतली विझेल, त्याने प्रभूला काय मिळालं? आणि आज सकाळी उठून बघतो तर माझा उद्याचा पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावलेला. कधी नाही ते कॉलरलासुद्धा कडक इस्त्री. तिचं नक्की म्हणणं काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

आणि मालक. ते राहिलंच. डॉक्टरांना विचारलं मी, एका मित्राचं असं असं झालंय म्हणून. डॉक्टर काय दूधखुळे आहेत? म्हणाले, तोंडावाटे असा सहसा जात नाही, पण तुमच्या मित्राला म्हणावं, पुढे ज्याने प्याला घेतला त्याला सांगून टाक, तो तपासून घेईल, लस घेईल, त्याचा हक्क आहे. नाही सांगितलं. दर गुरुवारी त्यांची दाढी करतो आणि त्यांचे डोळे बघतो, पांढरे आहेत की पिवळे पडले. साबण गेला वाटतं म्हणून खालची पापणी ओढून बघतो. ते म्हणतात, किती जपता हो तुम्ही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्यांच्याच जिवाशी खेळतोय मी पाच आठवडे आणि तेच मला पेला आणून देतात, त्या बाईसाठी.

पण खरी गोष्ट ही पण नाही. आता एवढं बोललोच आहे तर — बायकोलाही हे सांगितलेलं नाही. पुसलं ते भीतीने पुसलं, हात आपोआप चालतो, समजू शकतो आपण. पण पुसताना मी तिच्याकडे बघितलं. असं — आरशात दाखवतो तुम्हाला — असं, भुवया जरा आवळून, जसं काही तिच्याच ओठाला काही दिसलं मला. मुद्दाम. मालक माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, आता यांची नजर खाली जाईल, माझ्या हातावर. म्हणून मी तिच्याकडे बघितलं, म्हणजे तेही तिकडे बघतील. आणि बघितलं त्यांनी. लोक मला उगीच चुकीचं समजले असं मी स्वतःला सांगत होतो इतके दिवस. चुकीचं नाही समजले. मी समजावलं तेच समजले. शाळेतल्या मोठ्या बाई असत्या ना तिच्या जागी, तर मी प्याला सांडला असता, ठेच लागली म्हटलं असतं, काहीही केलं असतं. तिच्यावर खपून जाईल हे मला माहीत होतं. मीच तर तिला तशी करून ठेवली होती, या खुर्चीत, दोन विनोदांनी.

आमच्यात उपासनेत साक्षीची वेळ असते, गाण्यानंतर. उभं राहून सांगायचं, प्रभूने आपल्यासाठी काय केलं. माझी साक्ष मंडळीला पाठ आहे — दारू कशी सुटली ती. वीस वर्षं तीच सांगतोय. लोक ओठ हलवतात माझ्याबरोबर, कुठे रडायचं तेही त्यांना माहीत आहे. ती सांगायला काही धैर्य लागत नाही हो, वीस वर्षांपूर्वी सुटलेल्या दारूला कोण भितं? परवा पेला घेऊन मालक गेले आणि मी इथे बसलो होतो, आणि मला एकदम सुचलं की कोर्टातही साक्षच म्हणतात. तिथे आपलं कौतुक सांगायचं नसतं, बघितलं ते सांगायचं असतं, आणि त्याने दुसऱ्या माणसाची सुटका होते. एकच शब्द, आणि मी आजवर त्यातला सोपा अर्थ तेवढा वापरला. उद्या उभं राहायचं आणि म्हणायचं, रक्त माझं होतं, आजार माझा आहे, आणि ती नजर मी मुद्दाम टाकली. तीन वाक्यं. सकाळपासून घोकतोय, मनातल्या मनात. म्हणून म्हटलं, आधी एका परक्या माणसासमोर म्हणून बघावं, जमतंय का. जमलं की. तिन्ही जमली.

पण एक सांगू? जमलं आणि लगेच मन लबाडी करायला लागलं. ऐकू येतंय मला आत. म्हणतंय, सांगितलंस ना एकाला, झालं, आता हलकं वाटतंय ना, मग उद्या कशाला? उद्या ताप आला म्हण. प्याला दुसरा कुणीतरी धरेल, पेलाही दुसराच देईल, तुझ्या हाताला पाप नको. असं म्हणतंय. आणि मी ऐकतोय त्याचं, बसल्या बसल्या. तुम्ही चारच्या गाडीने निघून जाल, तुमच्याबरोबर माझं सगळं निघून जाईल, आणि मी इथे तसाच —

काय? बोला, आता बोला, ओठाचं झालंय. — चारची नाही? मग कधीची? — जाणारच नाही? राहायला आलात होय. बरं. कोणाकडे?

कोणाकडे म्हणालात?

बेकरीच्या मालकांकडे. — तुम्ही म्हणजे त्यांच्या धाकटीचे — जावई. हो. लग्न तुमच्याकडे झालं ना, लांब, इथलं कुणी गेलं नव्हतं, आम्ही कुठे बघणार तुम्हाला. अहो मग आधी बोलायचं की. — हो. हो, मीच म्हणत होतो, ओठ हलवू नका, बोलू नका. सुरुवातीपासून मीच म्हणतोय. खरंय.

बसा ना. बसा जरा. हे बघा, पाया पडतो तुमच्या, सासऱ्यांना आज काही — आज नको. उद्या मी स्वतःच सांगणार आहे, आत्ताच नाही का म्हणालो, तीन वाक्यं, तुमच्या देखतच सांगेन. तुम्ही काही ऐकलंच नाही असं धरून चाला. दाढीला बसलात, डोळा लागला. नवे जावई तुम्ही, कशाला उगीच गावच्या भानगडीत, एक म्हातारा न्हावी बडबडला, त्याला काय —

बघा. परत तेच करतोय मी. आपला जीव वाचवायला दुसऱ्याला गप्प बसवतोय. पाच मिनिटं नाही झाली, रडत होतो तुमच्यासमोर.

नाही. उठा. टॉवेल राहू द्या खांद्यावर, डावी बाजू तशीच राहिली तुमची, राहू द्या, तोंड पुसून घ्या या फडक्याने — कोरं आहे, घ्या, घडी मोडलेली नाही. पैसे नकोत. मी येतो तुमच्याबरोबर. आत्ता. उद्यापर्यंत माझा काही भरवसा नाही, तुम्ही बघितलंतच. मालक असतील ना घरी? असतील, या वेळेला पडलेले असतात जरा. उठवू. त्यांना आधी सांगायला हवं, त्यांच्या रक्ताचा प्रश्न आहे, मग बाकीच्यांना. सदरा बदलू का? नको, घरी गेलो तर बाहेर पडणार नाही मी. दार ओढून घेतो. ही किल्ली — लागत नाहीये — धरा जरा हे कुलूप. नको, धरू नका, मीच लावतो. राहू दे, उघडंच राहू दे.

अहो, असे भरभर निघू नका. रस्त्यात माझ्याशी बोलू नका वाटलं तर, पलीकडच्या कडेने चाला, मला काही वाटणार नाही. जावईबापू, फक्त एवढं करा — माझ्या आधी पोचू नका.